फाटक्या कोपऱ्याचे कार्ड

नागपुरात इतवारीच्या कापडबाजारात ताराचंद वस्त्रभांडार हे दुकान होते. खाली सेठजींची गादी, तिच्यामागे कपाटे आणि त्यांच्यामागून माडीवर जाणारा अरुंद जिना. जिना चढून गेले की डाव्या हाताला एक उतरते लाकडी डेस्क दिसे. त्या डेस्कामागे बसून देवाजी सोमकुवरांनी सव्वीस वर्षे पोस्टकार्डे लिहिली.

देवाजी अठ्ठेचाळीस साली दुकानात लागले ते कापडाचे गठ्ठे उचलायला. नववीपर्यंत शिकलेले होते, पण ते कोणी विचारले नव्हते. सत्तावन्न साली एकदा बाहेरगावच्या पार्सलावर पत्ता टाकायला कोणी नव्हते, तो देवाजींनी टाकला. सेठ ताराचंदांनी पार्सल हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले आणि म्हणाले, "हे अक्षर तुह्यं आहे? मंग गठ्ठे काहून उचलून राहिला गा?" दुसऱ्या दिवसापासून देवाजी माडीवर गेले.

त्या काळी इतवारीत गिऱ्हाईक बोलवायच्या तऱ्हा सगळ्यांना ठाऊक होत्या. सायकलरिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरायचे, सिनेमाच्या मध्यंतरात काचेची पाटी दाखवायची, नाहीतर रेल्वेपुलाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत दुकानाचे नाव रंगवायचे. ताराचंदसेठांनी यांतले काही केले नाही. "भोंग्यानं गल्ली जागी होते," ते म्हणत, "गिऱ्हाईक नाही जागत. गिऱ्हाइकाले त्याच्या नावानं हाक मारावी लागते."

म्हणून दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला जो कोणी येई, त्याचे नाव वहीत चढे. नाव, गाव, पोस्ट, तालुका. पुढच्या रकान्यात घरात लग्नाचे आणखी कोण आहे आणि बाईमाणसाला कोणता काठ आवडतो हे असे. शेवटचा एक बारीक रकाना देवाजींनी आपल्या मनाने आखला होता. त्यात त्या घराला कोणता नमस्कार करायचा ते लिहिलेले असे. कोणाला रामराम, कोणाला जयभीम, कोणाला जय गुरुदेव, मोमिनपुऱ्यातल्या विणकरांना सलाम. दिवाळीच्या आधी दोन महिने देवाजी लिहायला बसत. "गेल्या खेपेस नेलेले हिरवे लुगडे टिकले असेलच. धाकटीचे यंदा जमले असे कळते." असे कार्ड काटोलला नाहीतर उमरेडला पोचले की त्या घरची माणसे दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत.

रामरामवाल्या कार्डांच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लागे. देवाजींनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. पहिल्या वर्षी सेठजींनीच संकोचून विचारले होते, "तुले चालते ना गा, कुंकवात बोट घालनं?"

"बोट दुकानाचं आहे, सेठजी," देवाजी म्हणाले. "संध्याकाळी धुतो अन् घरी नेतो."

घरी म्हणजे पाचपावलीला. बायको कांताबाई साठ साली वारली, तेव्हा मुलगी जया चार वर्षांची होती. देवाजींनी दुसरे लग्न केले नाही. सकाळी मुलीची वेणी घालून ते दुकानात येत आणि संध्याकाळी जाताना तिच्यासाठी चण्याफुटाण्यांची पुडी नेत. पुढे जया भंडाऱ्याला दिली. मग पुडी न्यायचे कारण उरले नाही.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात पारशिवनीहून दोन बाया बस्ता बांधायला आल्या. खाली गर्दी होती, म्हणून वही घेऊन देवाजी स्वतः उतरले. एक होती नवरीची आई. दुसरी नवरीची आत्या, चाळिशीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पत्ता तिनेच सांगितला.

"नाव?"

"सुभद्रा डोंगरे. डोंगरेबाई लिहिलं तरी पोचतं."

देवाजींनी सगळे रकाने भरले आणि शेवटच्यावर त्यांचा टाक थांबला. डोंगरे हे आडनाव सगळ्या समाजांत सापडते. त्यावरून रामराम की जयभीम ते ठरेना, आणि विचारणे म्हणजे जात विचारणे. ते त्यांनी कधी कोणाला विचारले नव्हते.

"काय अडलं?" बाईंनी वहीत डोकावून विचारले.

"काही नाही जी."

"अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं. फळ्यावर असतं तर पोरांना दाखवलं असतं, बघा रे, याला म्हणतात अक्षर."

देवाजींनी वही मिटली. ती पाव तासाची भेट. बाई एसटीने परत गेल्या.

दिवाळीला पारशिवनीचे कार्ड लिहिताना तो रकाना कोराच होता. तेव्हा देवाजींनी सगळ्यांना चालेल असे घातले, 'सप्रेम नमस्कार'. आणि दिवाळी झाल्यावर उलटटपाली उत्तर आले. दुकानाच्या कार्डाला कोणी उत्तर देत नसते. लोक यायचे, नाहीतर नाही यायचे. सेठजींनी गादीवर बसून ते मोठ्याने वाचले.

"पत्र लिहिणारांस, नमस्कार पोचला. 'सप्रेम' हे दुकानाकडून आहे की लिहिणाऱ्याकडून? दुकानाकडून असल्यास निळ्या सहावारीत थोडी सूट द्यावी व पारशिवनी गाडीच्या कंडक्टरहाती पाठवावी. सुभद्रा डोंगरे."

दुकान हसले. सेठजी डोळे पुसत म्हणाले, "दे गा सूट, देवाजी! प्रेम तुह्यं, नुकसान माह्यं!" आणि कार्ड त्यांच्याकडे भिरकावले. "घे, तुह्याच कामाचं आहे."

देवाजींचे कान तापले. पुढच्या दिवाळीला त्यांनी 'सप्रेम' गाळले. उत्तर आले, "यंदा नुसताच नमस्कार आला. साखरेसारखे तेही रेशनवर गेले काय?" त्याच्या पुढच्या वर्षी 'सप्रेम' परत आले ते कायमचे.

तेव्हापासून दर दिवाळीला एक कार्ड तिकडे जायचे आणि एक इकडे यायचे. बाईंच्या उत्तरात एखाद्या लुगड्याची मागणी असे आणि दोन ओळी गावाच्या. शाळेच्या छपरावर वानरे आली. पेंचच्या धरणाचे काम निघाले, मजुरांची पोरे वर्गात बसू लागली, त्यांतली एक पोर तुमच्यासारखे अक्षर काढते. मायना नेहमी तोच, 'पत्र लिहिणारांस'. लुगडे कंडक्टरहाती जायचे आणि पैसे कंडक्टरहाती यायचे. बाई स्वतः पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत.

देवाजी ती कार्डे वहीच्या कापडी कव्हरात ठेवीत. वर्षाकाठी अकराशेच्या वर माणसांना ते त्यांच्या नावाने हाक मारत होते, आणि त्यांना नावाने हाक मारणारे कार्ड सबंध आयुष्यात आलेले नव्हते. जया भंडाऱ्याहून लिही, त्यात 'तीर्थरूप बाबांस' असे. ते बापाला झाले. दुकानाचा रिवाज असा, की कार्डाखाली फक्त दुकानाचे नाव. दर दिवाळीला पारशिवनीच्या कार्डापाशी आले की वाटे, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'देवाजी सोमकुवर' एवढेच टाकावे. मग पुढचे उत्तर 'देवाजी सोमकुवर यांस' असे येईल. दुसरे काही मागणे नव्हते. पण कार्ड दुकानाचे, टपाल दुकानाचे, शाईसुद्धा दुकानाची. त्यात आपले नाव घुसवणे त्यांच्या शिस्तीत बसेना. पुढच्या वर्षी पाहू, असे करता करता सतरा दिवाळ्या गेल्या.

मग सेठजींचा मुलगा मुकुंद कारभार पाहू लागला. कॉमर्सचा पदवीधर, हुशार आणि मनाने वाईट नव्हता. विविध भारतीवर जाहिराती सुरू होऊन बरीच वर्षे झाली होती. दोन गाण्यांच्या मध्ये एक मुलगी लाडिक आवाजात "ताराचंद वस्त्रभांडार, इतवारी" म्हणू लागली आणि धरमपेठेतल्या, प्रताप नगरातल्या बाया रिक्षा करून यायला लागल्या. सिनेमात पाटी झळकली. या सगळ्याने गिऱ्हाईक वाढले, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. सेठजींना दम लागत होता. ते गादीवर लोडाला टेकून नुसते बघत बसत.

त्र्याऐंशी सालच्या पोळ्यानंतर मुकुंद माडीवर आला.

"देवाजीकाका, यंदा कार्डं छापून घेऊ. तुम्हाला दोन महिने लागतात, प्रेस दोन दिवसांत देते. तुमच्या डोळ्यांनाही आराम."

"अन् मजकूर?"

"सगळ्यांना एकच. हे बघा प्रूफ. मुंबईच्या दुकानांत आता असंच करतात."

मजकूर ठळक होता, काळ्या शाईत. खालच्या उजव्या कोपऱ्यावर शिवणयंत्राने मारावी तशी बारीक टोच्यांची तिरपी रेघ होती आणि आत छापले होते, 'हा कोपरा फाडून आणा, पाच टक्के सूट मिळवा'.

देवाजींनी प्रूफ हातात धरले आणि त्या रेघेवरून बोट फिरवले. खेड्यापाड्यांत मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. असे कार्ड आले की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचे, तिथेच फाडून टाकायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे. हे शहरात वाढलेल्या मुकुंदला माहीत असायचे कारण नव्हते. आणि ही टोच्यांची रेघ! टपालाच्या थैलीत चार ठिकाणी आदळली की कोपरे आपोआप गळणार. वर कुंकवाचे बोटही नाही.

एक वाक्य पुरे होते. "मुकुंदबाबू, कोपरा नका फाडू." पण त्यांची नजर प्रूफवरून शेजारच्या वहीवर गेली. शेवटचा बारीक रकाना तिथे उघडा होता. रामराम, जयभीम, सलाम. सगळ्यांना एकच.

"कसं वाटतं?" मुकुंदने विचारले.

"बरं आहे," देवाजी म्हणाले.

दसऱ्यानंतर कार्डे गेली. निघताना चार कोपऱ्यांची होती, पोचताना बहुतेक तीन कोपऱ्यांची झाली.

आठवड्याने उमरेडचे महादेवराव आले. जुने गिऱ्हाईक. गादीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "कसं झालं, सेठजी? अचानकच?"

"काय अचानक?"

"कोन गेलं?"

"कोन जाते गा? मी तं बसून राहिलो न इथं!"

"तुम्ही दिसून राहिले, म्हनून तं विचारून राहिलो."

महादेवरावांच्या घरी सगळ्यांनी अंघोळी केल्या होत्या. सूनबाईने चुलीवरचा चिवडा उतरवून ठेवला होता. त्यांच्यामागून कुहीचे दोघे आले, तेही टोपी हातात घेऊन. कळमेश्वरहून एक म्हातारी आली, ती दारातूनच गळा काढत शिरली आणि सेठजींना पाहून किंचाळली. जे आले ते थोडे. बाकीच्यांनी कार्ड न वाचताच फाडले आणि सुतकाच्या दुकानातून दिवाळीचे कापड कशाला, म्हणून दुसरीकडे गेले.

सेठजींनी देवाजींना खाली बोलावले. मुकुंद मान खाली घालून उभा होता.

"प्रूफ तू पाह्यलं होतं?"

"हाव, सेठजी."

"समजलं होतं तुले?"

"समजलं होतं."

"मंग मुकुंदाची झाली ते चूक आहे," सेठजी म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "त्याले माहीतच नव्हतं. तुह्यी चूक नाही. तुहा तो राग होता. सव्वीस वर्सांत पहिल्यांदा पाह्यला." आणि थोड्या वेळाने, "जाय आता. लिही सगळ्यायले. आमचेकडे सर्व कुशल आहे म्हन. हातानं लिही."

त्यापेक्षा सेठजींनी कामावरून काढले असते तर सोपे गेले असते. देवाजींनी मनाशी एक गोष्ट ठरवली. ही अकराशे कार्डे पुरी होईपर्यंत दुसरे काही नाही.

सावनेर आणि काटोल झाले होते, रामटेक चालू होते. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून एका बाईचा आवाज आला. आवाज ओळखीचा नव्हता, पण शब्द कानात शिरले.

"इथे पत्रं लिहिणारे एक गृहस्थ होते."

"बाई, कोणीही गेलेलं नाही हो!" मुकुंद चार दिवसांत अगदी मेटाकुटीला आला होता. "ती सूट होती, सूट! पाच टक्के!"

"सुटीचं वाचलं मी. मला वाचता येतं. पण कार्डावर ते अक्षर नव्हतं, अन् कोपरा फाडलेला."

मग मुकुंदचा स्वर उतरला. "वर बसलेत बाई. लिहीतच बसलेत."

"आहेत?"

"आहेत."

"मला थोडं पाणी द्या," बाई म्हणाल्या.

जिन्यावर पावले वाजली. देवाजी उठून उभे राहिले. हातात टाक तसाच. पांढऱ्या केसांची एक बाई, बारीक काठाचे फिकट निळे लुगडे, खांद्याला शबनम. ते लुगडे देवाजींनीच कागदात बांधले होते, एकोणऐंशी साली.

बाईंनी आधी डेस्ककडे पाहिले. ओल्या शाईचे कार्ड तिथे पडले होते. मग त्यांच्याकडे.

"तुम्हीच का? वहीत लिहिताना अडले होते ते?"

"हाव जी. बसा."

बाई स्टुलावर बसल्या. शबनममधून त्यांनी दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढला. सतरा कार्डे. "ही तुमच्या घरच्यांना द्यावी म्हणून आणली होती," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं की त्याचं अक्षर घरच्यांजवळ असावं. माझ्याजवळ ठेवायचा मला काय हक्क?" त्यांनी गठ्ठा डेस्कावर ठेवला, दोन क्षण पाहिला आणि परत उचलला. "पण तुम्ही तर आहात. मग ही माझी."

गठ्ठा शबनममध्ये गेला. देवाजींच्या तोंडून निघाले ते भलतेच.

"बाई, तो कोपरा मले छापायच्या आधी दिसला होता. मी बोललो नाही. रागानं."

"म्हणजे पारशिवनीपासून इथवर बसमध्ये मला रडवलं ते तुम्हीच?"

"हाव."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभं केलं असतं," त्या म्हणाल्या, पण स्वरात दरारा नव्हता. "नाव काय तुमचं? सतरा वर्षं 'लिहिणारांस' लिहून कंटाळले मी. शेजारीण विचारायची, हे लिहिणारांस कोण हो बाई? गाव कोणतं यांचं?"

"देवाजी सोमकुवर."

"देवाजी सोमकुवर," बाई सावकाश म्हणाल्या, हजेरीत नवीन नाव चढवावे तसे. "मग आता एक करा. तुमच्या नावाचं पत्र पाठवा. पहिलं तुमचं यायला पाहिजे. मी आजवर उत्तरच देत आले. ते मी चुकवत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे जी."

"महिनाअखेर रिटायर होते मी. मग भावाकडे जाईन, तो आता तिकडे मध्यप्रदेशात असतो. त्याच्याशिवाय मला कोणी नाही." त्या उठल्या. "साडेतीनची गाडी आहे."

देवाजी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले. रिक्षात बसताना बाई एवढेच म्हणाल्या, "डोळ्यांना जपा. अक्षर बारीक झालंय." रिक्षा सराफ्याच्या गर्दीत शिरली. देवाजी दुकानाकडे वळले आणि पायरीवर थांबले. बाहेरगावचा कोणीही आला की पहिला प्रश्न गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. सव्वीस वर्षे तोंडात बसलेला प्रश्न. तो आज विचारायचा राहिला होता.

तरी महिनाअखेरीला आठ दिवस होते. पारशिवनीचा पत्ता पाठ होता. त्याच संध्याकाळी दोन ओळी टाकल्या असत्या तर काम झाले असते. पण डेस्कावर कुशलाची कार्डे पडून होती आणि सेठजींसमोर खाली गेलेली मान खालीच होती. आधी दुकानाचे, मग आपले. हाच नियम त्यांना जन्मभर पुरला होता. शिवाय पहिला शब्द कोणता लिहायचा हेही ठरत नव्हते. ते रामटेक झाल्यावर भिवापूर घेऊन बसले. पारशिवनीच्या पानावर बाकी घरांना कुशल कळवले आणि एक ओळ मोकळी सोडली, ती सगळ्यांत शेवटी घरी बसून, आपल्या शाईने लिहायची म्हणून. शेवटचे कार्ड पेटीत पडले ते लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. महिना उलटून गेला होता.

भाऊबीजेला जया यायची होती. तिला येऊ नको असा निरोप धाडून देवाजी पारशिवनीच्या गाडीत बसले.

शाळेमागच्या बाईंच्या खोलीला कुलूप होते. शेजारची बाई तांदूळ निवडत होती. तिने कुलपाकडे बोट केले.

"बाई तं गेल्या जी. भाऊ आला होता सामान न्याले."

"कोणत्या गावी?"

"बालाघाटकडं म्हनत होत्या. का शिवनीकडं? तिकडचंच कोनतं तरी गाव. तुम्ही कोन?"

"दुकानातून आलो. इतवारीच्या."

बाईने सूप खाली ठेवले. "पत्रवाले का तुम्ही? बाप्पा! अजी, शेवटचे आठ दिस बाई रोज पोष्टात जाऊन याच्या. मी म्हनलं, काहून वं बाई, पोष्टमन घरी येते न? तं म्हने, पाय मोकळे करून येतो."

देवाजींनी मान हलवली. पाणी घेता का, असे तिने विचारले, त्यांनी घेतले. पोस्ट सणामुळे बंद होते. ते परत आले आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेले. नोकरीत त्यांनी इतक्या रजा कधी घेतल्या नव्हत्या.

पोस्टमास्तर नवीन होते. त्यांना बाई माहीत नव्हत्या. "कोणाचा पत्ता असा तोंडी देता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही कार्ड टाका. त्यांनी नवीन पत्ता दिला असेल तर तिकडे लागेल. नसेल तर तुमच्याकडे परत येईल. आपला पत्ता स्वच्छ लिहा म्हणजे झालं."

देवाजींनी एक कार्ड घेतले. पोस्टातल्या शाई सांडलेल्या फळीशी उभे राहून त्यांनी आधी जुना पत्ता लिहिला. त्याच्याखाली, 'नवीन पत्त्यावर पाठवावे ही विनंती'. मग कार्ड उलटले. ज्या शब्दासाठी पंधरा दिवस घालवले तो आता आपोआप आला.

'श्रीमती सुभद्राबाई डोंगरे यांस, सप्रेम नमस्कार. आपण सहासष्ट साली विचारले होते की सप्रेम हे दुकानाकडून की लिहिणाऱ्याकडून. उत्तर द्यायला उशीर झाला. लिहिणाऱ्याकडून. आपला नवीन पत्ता कळवावा. आपला, देवाजी सोमकुवर, पाचपावली, नागपूर.'

कार्डाखाली हे नाव घालायची हाताला सवय नव्हती.

हाताने लिहिलेल्या कार्डांची ती शेवटची दिवाळी ठरली. पुढच्या वर्षी मुकुंदने कोपऱ्याशिवायची कार्डे छापली, मजकूर देवाजींना दाखवून, आणि ती चांगली चालली. देवाजी खाली गादीशेजारी बसू लागले. पण त्र्याऐंशीचा तो हिवाळा त्यांनी वेगळ्याच हिशेबात घालवला.

पत्ता न सापडलेले कार्ड पोस्टमनच्या निळ्या पेन्सिलीची खूण घेऊन फार तर तीन आठवड्यांत परत येते. हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. परत आले की वहीत नावापुढे तांबडी रेघ मारायची आणि 'गाव सोडले' लिहायचे. नाही आले तर पोचले असे धरायचे. वहीचा सगळा व्यवहार याच एका नियमावर चालला होता.

पाचपावलीच्या गल्लीत पोस्टमन साडेअकराला येई. देवाजींनी दुकानात उशिरा जायची परवानगी घेतली होती. त्यासाठी सेठजींनी कारण विचारले नाही. नाताळच्या सुटीत जया आली, तेव्हा तिने बापाला ओट्यावर बसलेले पाहिले.

"कोणाच्या पत्राची वाट पाहून राहिले, बाबा?"

"एक यावं अन् एक येऊ नये, असं आहे वं."

तीन आठवडे केव्हाच झाले होते. सातवा चालू होता. पोस्टमन सायकलवरून वळला, घंटी वाजवली, दोन घरी थांबला आणि देवाजींना लांबूनच हात हलवून पुढे गेला. काही नव्हते.

म्हणजे परतही आले नव्हते. देवाजी उठले, टोपी घातली आणि इतवारीची वाट धरली. दुकानात जाऊन त्यांनी जुनी वही काढली, पारशिवनीचे पान उघडले. सुभद्रा डोंगरे. तांबड्या रेघेची जागा मोकळीच ठेवली. शेवटचा बारीक रकाना सतरा वर्षे कोरा होता. त्यात त्यांनी लहान अक्षरांत 'सप्रेम' लिहिले, शाई वाळू दिली आणि वही मिटली.